कोठीतलं शूटिंग

तलमडुगूच्या आसपासच्या वीस-बावीस गावांना सुरेंद्रची आठवण दोनच वेळी व्हायची. घरात लग्न ठरलं की, आणि घरातलं माणूस गेलं की. लग्नाचं समजू शकतं. तो शूटिंगवाला, मंडलात, म्हणजे तालुक्यात, खांद्यावरचा मोठा कॅमेरा पहिल्यांदा त्यानेच आणला. पण माणूस गेल्यावर त्याच्या दुकानाची पायरी चढायची रीत का पडली, ते ज्याने एखाद्या म्हातारीच्या फोटोसाठी सगळं घर पालथं घातलं असेल त्यालाच कळेल.

तेरवीला फोटो लागतो. पाटावर ठेवायला, हार घालायला, पुढे भिंतीवर टांगायला. आणि आपल्या बाया जन्मभर कॅमेऱ्यापासून पळणार. कॅमेरा दिसला रे दिसला की पदर तोंडावर. राहता राहिला रेशनकार्डावरचा फोटो, तो मोठा केला की त्यात म्हातारी ओळखू येत नाही, मुंग्या लागलेली गुळाची भेली दिसते. अशा वेळी घरातल्या कोणाच्या तरी ध्यानात यायचं, "अरे, अमक्याच्या लग्नात होती ना ती!" मग सगळी वरात सुरेंद्रकडे.

सुरेंद्र कंप्यूटर लावायचा, ते लग्न काढायचा. नवरानवरीकडे कोणी बघत नसे. पंगतीत, चुलीपाशी, मांडवाच्या खांबाआड सगळे आपलं माणूस शोधत बसायचे. आणि सापडायचं. चंपाबाई नावाची एक म्हातारी अशीच सापडली होती, वांग्याची भाजी वाढता वाढता कोणाच्या तरी बोलण्यावर खुदकन हसलेली. तिची पन्नाशीतली लेक सुरेंद्रला म्हणाली, "जरा मांगं घे ना बापा. आणखी एकडाव हसू दे तिले." सुरेंद्रने चंपाबाईला अकरा वेळा हसवली. मग ते चित्र थांबवून, कापून, उजळ करून चौकटीत बसवून दिलं.

म्हणून तो काहीच पुसत नसे. बाकीचे शूटिंगवाले लग्नवाल्याच्या हातात डीव्हीडी ठेवली की मूळ पुसून त्यावर दुसरं लग्न भरत. सुरेंद्रने सहाशे अकरा लग्नं जशीच्या तशी ठेवली होती. लोक हसायचे, दुसऱ्याच्या लग्नाचं लोणचं घालतो म्हणायचे. हसोत बापडे. घरात कोणी गेलं की हसणारेच बरणी उघडायला येत.

त्या सहाशे अकरांतलं एक शुभांगीचं. दोन हजार बाराच्या उन्हाळ्यातलं. शुभांगीला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान तिच्या चुलतभावाला मिळाला. पंकज त्याचं नाव, वय बावीस. भाजीवाल्या जयवंताबाईचा एकुलता एक. हळदीला तो इतका नाचला की वाजंत्रीवाले दमले, पण तो थांबेना, असं गावात लोक सांगत. जयवंताबाई तेव्हा मागच्या अंगणात पुऱ्या लाटत होती. तिने काही पाहिलं नाही. पोरगं आज नाचतंय तर उद्याही नाचेल, असंच कोणतीही आई धरून चालते.

मृग लागल्यावर पंकज कापूस लावायला शेतात गेला आणि वीज पडून जागीच गेला.

त्याचा बाप उत्तमराव माणूस वाईट नव्हता, पण दुःख करायची त्याची तऱ्हा उरफाटी. राख शिरवायला पैनगंगेवर गेला तेव्हा पोराचे कपडे, शाळेचे कागद, आधारचा कागद, होते नव्हते ते दोन फोटो, त्याचा मोबाइल, सगळं गाठोड्यात बांधून घेऊन गेला आणि पाण्यात सोडून आला. तेरवीला फोटो लावू दिला नाही. घरात बजावून ठेवलं, "त्याचं काई डोयापुढं आलं तर मी बी त्याच्यामांगं जाईन." माणूस बोलल्याप्रमाणे करणारा होता. तेव्हापासून त्या घरात पंकजचं नावही कोणी घेतलं नाही.

दोनेक महिन्यांनी बाजाराच्या दिवशी जयवंताबाई रिकामी टोपली घेऊन दुकानात आली. आत येईना, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"शुभांगीच्या हळदीतलं पंकजचं नाचनं हाय का रे तुझ्यापाशी?"

"हाय ना मावशी. लावू?"

"नको!" ती दचकून मागे सरली. "मले आता पाहवत न्हाई. आन् घरी यायले, पंकजच्या बापाले, समजलं तर काई खरं न्हाई. तू ठेव फकस्त. ज्या दिवशी मले पाहवंल त्या दिवशी येतो मी. ठेवशील ना?"

सुरेंद्रने छाती फुगवून सांगितलं, "ठेवतो. कंप्यूटरातलं कुठं जाते मावशी? तुमी दहा वर्सानं या, न्हाई तर वीस वर्सानं."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते असं. पण त्या वेळी त्याला ते खरंच वाटत होतं.

त्यानंतर दर बाजारी भाजी विकून परतताना जयवंताबाई दुकानाच्या ओट्यावर मेथीची नाही तर कोथिंबिरीची एक जुडी ठेवून जायची. पैसे घ्यायची नाही, बोलायची नाही. ती कशाची, हे दोघांनाच ठाऊक. तेरा वर्षं ती जुडी चुकली नाही. एकदा ती तापाने पडली तेव्हा शेजारणीच्या हाती पाठवली होती.

आता ठेवायचं म्हणजे कुठे, हा प्रश्न आला. आधी सगळं सीड्यांवर होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, शंभर वर्षं मरण नाही. तीन पावसाळ्यांत सीड्यांवर पांढरी बुरशी चढली. मग त्याने पोटाला चिमटा घेऊन दोन मोठ्या हार्ड डिस्क घेतल्या. दोन अशासाठी की, एकीला काही झालं तर दुसरी असावी. तसं त्याने कुठेतरी वाचलं होतं. अख्खा हिवाळा बसून त्याने सहाशे अकरा लग्नं दोन्हींत भरली, काही सीड्यांना तर चार-चार वेळा पुसून, गोंजारून. कोणी म्हणालं, आता इंटरनेटवर कंपनीच्या घरी ठेवतात, महिन्याला भाडं द्यायचं. सुरेंद्रने हिशोब केला. गावच्या नेटवर सगळं वर चढायला अडीच वर्षं लागली असती, आणि एखाद्या महिन्याचं भाडं थकलं की कंपनी भांडी रस्त्यावर टाकणार. लग्नाच्या सीझनवर जगणाऱ्याला बाराही महिने भाडं कुठून जमायचं?

दुकानाला पत्रे. मे महिन्यात आत चहा आपोआप उकळावा अशी गरमी, पावसाळ्यात तीन ठिकाणी गळती, वर उंदीर. घराच्या भिंतींना ओल. डिस्का कधी कपाटात, कधी माळ्यावर, कधी देवघरात फिरल्या. मग एक दिवस बायको, प्रणिता, भाकरीसाठी ज्वारी काढत होती, ते पाहून त्याच्या डोक्यात उजेड पडला.

प्रणिताची पत्र्याची कोठी म्हणजे गावात नाव होतं. झाकण बसवून कडेने शेणमातीने लिंपली की मुंगीला वाट नाही. दोन वर्षांची ज्वारी आज मळल्यासारखी निघायची. आत ओल नाही, उंदीर नाही, दाण्यांच्या पोटात उन्हाळ्यातही गार. चार-चार पिढ्यांचं बियाणं लोकांनी असंच तर सांभाळलं! आणि खर्च शून्य. सुरेंद्रने प्रत्येक डिस्क दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली, वर धोतराचं फडकं बांधलं. एक कोठीच्या तळाशी पुरली, एक वरच्या थरात. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावं म्हणतात. घ्या, ठेवलं दोन ठिकाणी.

"धान्यात लोखंड काऊन घालून राह्यले?" प्रणिताने विचारलं.

"ते बी बियानंच हाय," तो म्हणाला. स्वतःच्या बोलण्यावर तो चार दिवस खूश होता.

दर फाल्गुनात नवी ज्वारी आली की प्रणिता कोठी भरायची आणि सोंडे-किडे होऊ नयेत म्हणून धान्याच्या गोळ्या फडक्यात बांधून आत टाकायची. झाकण लिंपताना लसणासारखा उग्र वास यायचा, पोरांना लांब पाठवायची. पहिल्या वर्षी सुरेंद्र जवळच उभा होता. "तीन टाकतं?" त्याने विचारलं. "एक आनखी टाक. किडा म्हून लागला न्हाई पायजे." प्रणिताने चौथी टाकली. पुढे दर वर्षी चारच टाकत गेली.

एकदा, दोन हजार सतरात, कोणाच्या तरी तेरवीसाठी त्याने वरची डिस्क काढली होती. ठणठणीत चालली. पुन्हा पुरून टाकली. त्यानंतर कोणी आलंच नाही. हातोहाती मोबाइल आले. आता माणूस गेलं की चारशे फोटो निघतात आणि त्यातला कोणता लावायचा यावर भावाभावांत भांडणं होतात. सुरेंद्रकडे लग्नंही येईनाशी झाली. तो आधारच्या झेरॉक्सवर आणि मीसेवेचे सरकारी फॉर्म भरण्यावर आला. कोठीतलं लोणचं तसंच राहिलं. मधून मधून उघडून चाखून बघायला हवं होतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्याच्याही मनात आलं नाही. पुरलेलं बियाणं कोणी रोज उकरून पाहतं का?

यंदा पौषात उत्तमराव गेला. त्याची तेरवी होऊन महिना लोटला आणि एका बाजारी जयवंताबाई जुडी ठेवून परत गेली नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली आणि खुर्चीवर बसली. फार वाळली होती.

"आली मी," ती म्हणाली.

सुरेंद्रचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "पाहसान?"

"पाहतो आता. कोनाचं भेव राह्यलं? आवाज बी येईन ना रे त्यात? त्याचा?"

"सगळं येईन. पुढच्या बाजारी या मावशी, काढून ठेवतो. मोठ्या टीव्हीवर लावतो तुमच्यासाठी."

ती गेल्यावर त्याने दुकान झाडलं, खुर्चीवर स्वच्छ चादर टाकली, शेजारच्याकडून टीव्ही मागून आणला. आयुष्यात आपण एक तरी गोष्ट नीट केली, असं त्याला त्या दिवशी वाटलं. माणसाला असं वाटतं तेव्हा त्याने जरा सावध व्हावं.

घरी जाऊन त्याने कोठी फोडली. वरची डिस्क काढली, फडकं सोडलं, पिशव्या सोडल्या. डिस्क कोरी करकरीत दिसत होती. वायर जोडायच्या जागेवरच्या पितळी दातांवर काळपट-हिरवं काहीतरी धरलं होतं, ते त्याने खोडरबराने घासून काढलं. वायर लावली. दिवा लागला. आतून आवाज आला: टिक, टिक, टिक. मग बंद.

पुन्हा लावली. टिक, टिक, टिक.

त्याने प्रणिताला हाताशी धरून कोठी रिकामी केली, तळाची डिस्क काढली. तिचा दिवासुद्धा नीट लागेना. लागला तर तीच टिकटिक. तिथून पुढे दोन दिवस सुरेंद्र माणसांत नव्हता. डिस्क उन्हात ठेवून लावून पाहिली, फ्रिजमध्ये ठेवून लावून पाहिली, उलटी धरून, तळव्याने थापट्या मारून, वायर बदलून, कंप्यूटर बदलून, देवाचं नाव घेऊन. दर वेळी वाटायचं, या खेपेला चालेल. जेवायला उठायचा आणि अर्ध्या भाकरीवरून परत जाऊन लावायचा. प्रणिता म्हणाली, "आता राहू द्या तिले, दमली असंन." तो तिच्यावर ओरडला. त्याच्या सोळा वर्षांच्या संसारात तो तिच्यावर असा ओरडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो गाडी काढून शुभांगीच्या सासरी गेला. तिच्याकडे डीव्हीडी असणार! शुभांगी कावरीबावरी झाली. "भाऊ, ते तं लय वर्सं झाले चालत नवती. यायनं ज्वारीत बांधली, मिट्ठू हाकलाले."

सुरेंद्र शेतात गेला. बांधावरच्या काठीला दोऱ्याने टांगलेली ती चकती वाऱ्यावर गिरक्या घेत होती. वरचा चंदेरी थर सोलून निघाला होता, पलीकडचं आभाळ आरपार दिसत होतं. परत येऊन त्याने लग्नाचा आल्बम मागितला. आल्बममध्ये पंकज एकदाच होता, कान पिळताना. डोक्याला फेटा, तोंड नवऱ्याच्या कानाकडे, कॅमेऱ्याकडे पाठ. तो फोटो सुरेंद्रनेच काढला होता. दोन पावलं डावीकडे सरकला असता तर चेहरा आला असता. पण त्या दिवशी त्याला नवरा मुलगा महत्त्वाचा होता.

आदिलाबादला बसस्टँडच्या मागे देवानंदचं कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान. सुरेंद्रच्या वर्गातला, चौथीपासूनचा दोस्त. त्याने डिस्कच्या पाठीवरची हिरवी पट्टी सोडवली, भिंगाखाली धरली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवून पाहिली.

"सुरेंद्र, हे ठेवलं कुठं व्हतं तुनं?"

"कोठीत."

"कशाच्या?"

"ज्वारीच्या. कोरडं राहते म्हून."

देवानंदने भिंग खाली ठेवलं. "गोळ्या टाकता का त्यात?"

सुरेंद्रने मान हलवली.

"अबे, त्या गोळीचा गॅस तांबं खाते. सोनं खाते, चांदी खाते. हे पाह्य, सगळ्या तारा काळ्या पडल्या."

"दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्या व्हत्या रे!"

"दाण्याच्या पोटात बसलेला किडा मारते तो. तुझी पिशवी त्याले काय अडवन?"

"मी दोन केल्या व्हत्या, देवानंद. एक गेली तं दुसरी असावी म्हून. बराबर दोन केल्या व्हत्या मी."

"आन् दोनी एकाच कोठीत?"

बाजूला एक गिऱ्हाईक मोबाइलला काच बसवून घ्यायला उभं होतं, ते सुरेंद्रकडे बघत होतं. आठ वर्षं, वर्षाला चार गोळ्या. आणि चौथी त्याने स्वतः सांगून टाकायला लावलेली.

देवानंद म्हणाला, हैद्राबादला एक जण डिस्का उघडून आतून काढतो, पट्टी बदलतो, खर्च फार आहे, पण जमलं तर जमलं. सुरेंद्रने राहिलेला मोठा कॅमेरा विकला आणि दोन्ही डिस्का पाठवल्या. घरी येऊन प्रणिताला गोळ्यांचं सांगितलं. तिने आधी दोन्ही हात तोंडावर घेतले. मग म्हणाली, "म्या टाकल्या. माह्या हातानं." तो म्हणाला, "मीच सांगतलं व्हतं." त्या दिवशी त्याच ज्वारीची भाकरी केली होती. दोघांच्या ताटात ती तशीच राहिली.

वाट पाहण्यात पाच बाजार गेले. दर बाजारी जयवंताबाई टोपली रिकामी करून यायची, चादर टाकलेल्या खुर्चीवर बसायची, काळ्या टीव्हीकडे बघायची. सुरेंद्र सांगायचा, हैद्राबादला गेलंय, साफ होऊन येईल, जुनं आहे ना. ती मान हलवायची. एकदा म्हणाली, "घाई न्हाई बापा. पन लय उशीर नको करू." तिला एवढी कसली घाई झाली आहे, हे त्याने विचारलं नाही. विचारायला त्याला तोंड नव्हतं. ती मात्र जाताना जुडी ठेवून जायची. त्या जुड्यांना हात लावायचा त्याला धीर होईना. त्या ओट्यावरच वाळायच्या.

सहाव्या बाजाराच्या आदल्या दिवशी देवानंदचा फोन आला. आवाजावरूनच सुरेंद्रला कळलं.

"काई निंगालं न्हाई?"

"न्हाई." देवानंद म्हणाला. "पट्टी बदलून झालं असतं म्हणते तो. पन आतल्या चकत्यांवर गोल-गोल चरे पडले हायेत, दोनी डिस्कांत. खराब झाल्यावर लावून-लावून पडले. वाचणारी सुई आत घासत राह्यली. तुनं लय डाव लावली का रे?"

"दोन दिवस," सुरेंद्र म्हणाला.

"एकाच डावात सोडून देतास तं..." देवानंदने पुढचं गिळून टाकलं. पण बोलायचं राहिलं होतं ते काय, ते सुरेंद्रला कळलं. गोळ्यांनी अर्धंच मारलं होतं. बाकीचं त्याने स्वतः, तहानभूक विसरून, देवाचं नाव घेत घेत मारलं होतं.

बाजारी ती दुकानात यायच्या आधी आपणच जावं, असं त्याने ठरवलं. दुपारी तिच्या घरी गेला. जयवंताबाई ओसरीत पाय पसरून उद्याच्या बाजाराच्या जुड्या बांधत होती. उत्तमरावाचा हार घातलेला फोटो भिंतीवर होता, मोबाइलवरून काढलेला, चांगला स्वच्छ. सुरेंद्र खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. कोठी, गोळ्या, टिकटिक, दोन दिवस, हैद्राबाद. काहीही झाकलं नाही. बोलता बोलता त्याला रडू आलं. चाळिशी ओलांडलेला बाप्या तिच्यासमोर लहान पोरासारखा मुसमुसला.

तिने त्याला थांबवलं नाही, रागावली नाही. पाणी आणून दिलं. ते बघून त्याला जास्तच मेल्यासारखं झालं.

"म्हंजे न्हाईच?" तिने विचारलं.

"न्हाई मावशी."

"कुठंच न्हाई?"

"न्हाई."

ती पुन्हा जुड्या बांधायला लागली. तीन बांधून झाल्या, मग हात थांबला.

"तुनं तं पाह्यलं असन ना? मांगं-पुढं करून जोडलं असन, कापलं असन. मंग तूच सांग ना. कसा नाचला व्हता?"

सुरेंद्रने ते लग्न जोडताना सात-आठ वेळा तरी पाहिलं असणार. पण त्यानंतर आणखी दोनशे लग्नं पाहिली होती. आणि डोक्यात कशाला ठेवायचं? डिस्कवर होतंच की. त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. हळदीचे पिवळे कपडे, वाजंत्री, धूळ, नाचणारी पोरं; सगळ्या लग्नांतली सगळी पोरं एकमेकांत मिसळलेली. त्यांतला पंकज कोणता, ते त्याला सांगता येईना.

पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. एवढं तरी द्यावं म्हणून तो बोलू लागला.

"लय मस्त नाचला मावशी. वाजंत्रीवाल्याच्या पुढं गेला. एका पायावर गिरकी घेतली त्यानं. मंग दोनी हात वर करून... असा. पोट्ट्यांनी गोल केला त्याच्या भवताल. घाम आल्ता, केस कपाळावर येत व्हते, तो मान झटकून केस मांगं टाके आन् हासे..."

"केस?" जयवंताबाई म्हणाली.

तो थांबला.

"केस कुठले रे? आठ दिस आधी वेमुलवाड्याच्या देवाले जाऊन देल्ते त्यानं केस. नवस व्हता माहा. टक्कल व्हतं त्याले." तिच्या आवाजात राग नव्हता. एखादं लेकरू चुकलं तर दुरुस्त करावं, तसं ती बोलली.

सुरेंद्रची मान खाली गेली. ओसरीत माशा घोंगावत होत्या. हातातल्या जुडीचा दोरा ओढत, त्याच्याकडे न बघता ती बोलली.

"तेवढं टक्कल आठवते मले. हात फिरवला व्हता ना त्याच्यावरून, तं हाताले आठवते. पन खालचं तोंड आठवत न्हाई रे. दोन-तीन वर्सं झाले. डोये मिटले की आदी यायचा तो, आता येत न्हाई. नाक कसं व्हतं, हासला की दात कसे दिसत, काई येत न्हाई. म्हून तं यायचं मरन पाहत व्हती मी. सोताच्या नवऱ्याचं. का तो गेला म्हंजे तुझ्याकडं येईन आन् पाहून घेईन म्हून."

सुरेंद्र खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करत राहिला.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुले बी न्हाई ना आठवत?"

"न्हाई, मावशी."

"मंग आता कोनालेच न्हाई," असं म्हणून तिने राहिलेली मेथी पुढे ओढली.